वारस म्हणजे मुलगाच?

“ताई, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, दिलेली निपाणीकडं. गेल्या वर्षी आप्पा वारले. साडेतीन एकर भाताची जमीन आहे, त्यातली दोन एकर आजोबांकडून आलेली आणि दीड एकर आप्पांनी स्वतः घेतलेली. आण्णा म्हणतोय पौती करायची आहे, म्हणजे जमिनीवर वारसांची नोंद, त्याआधी तू हक्कसोडीवर सही कर, पंचमीच्या आत उरकू. कागद सगळा कानडीत. मी म्हटलं, आधी काय लिहिलंय ते कळू दे. त्यावरून घरात बोलणं वाढलं, की लेकीला कसला वारसा, वारस म्हणजे मुलगा. आमचे एक चुलते रिटायर्ड मास्तर आहेत. ते म्हणाले, वारस हा संस्कृत शब्द, वंशाचा रस तो वारस, आणि वंश मुलाकडनंच चालतो. मास्तरांपुढं कोण बोलणार? आई गप्प आहे. मला माहेर तोडायचं नाही. शब्दाचा अर्थच तसा असेल तर मी गप सही करते. माझी मुलगी बेळगावात इंजिनीअरिंगला आहे. ती म्हणते, आम्हाला इनहेरिटन्स शिकवतात, तोच का हा वारसा, ते पण विचार. आणि पेटीत मोडीतला एक जुना कागद निघालाय, तो कुणाला वाचता येत नाही.”
– खानापूरची लेक

ताई,

सही करू नका. निदान एवढ्यात नको, आणि शब्दाच्या अर्थापायी तर मुळीच नको.

मास्तरांचा मान राखून सांगते, ‘वंशाचा रस’ ही नुसती जुळवाजुळव आहे. वारस हा शब्द संस्कृत नाहीच. तो अरबी ‘वारिस’, फारसीच्या बोटाला धरून दख्खनच्या दफ्तरात आला. आपल्या भागावर आधी बहामनी आणि मग विजापूरच्या आदिलशाहीचा अंमल होता. जमीनमहसूल, सनदा, निवाडे यांची भाषा फारसीनं भरलेली असे. ‘वारिस’चा मराठीनं ‘वारस’ केला, त्याला मिळणारा तो ‘वारसा’, आणि फारसी ‘दार’ जोडून ‘वारसदार’. शेजारच्या कानडीत तोच ‘वारसुदार’ झाला. तुमच्या कागदावर बहुधा हाच शब्द असेल, जरा शोधा.

त्याच अरबी मुळातून ‘मीरास’ निघाला, म्हणजे आपली मिरास. पिढीजात हक्कानं जमीन कसणारा तो मिरासदार आणि बाहेरून येऊन कसणारा तो उपरी, असा जुन्या महसुलातला भेद. ‘ही काय तुझ्या बापाची मिरास आहे का?’ असं आपण अजूनही चिडून विचारतो. अन् ज्याला मागेपुढे कुणी नाही तो ‘बेवारस’. मराठीत हा शब्द पोलिसांच्या पंचनाम्यात आणि स्टँडवर सापडलेल्या पिशवीपुरता राहिला, कानडीत मात्र त्याची चक्क शिवी झाली. बेळगावच्या कुठल्याही नाक्यावर दोन रिक्षावाल्यांचं वाजलं की ‘बेवार्सी’ कानावर पडतंच. मागे कुणी नसणं याची शिवी व्हावी, यावरून आपल्याकडे वारस असण्याला किती मोल आहे ते बघा.

आता मुद्द्याचं. हा शब्द जिथला, तिथं मुलगी वारसात मोजली जात होती की नव्हती? होती. कुराणात मुलीचा वाटा नेमून दिलेला आहे. मुलाच्या निम्मा आहे, तो भाग वेगळा, पण ती वारिस आहे यात शंका ठेवलेली नाही. म्हणजे शब्द तिकडून आणायचा आणि त्यातली मुलगी तिकडंच ठेवून यायची, असा हा प्रकार आहे. अरबीत ‘अल्-वारिस’ हे ईश्वराचंही एक नाव मानतात. त्याचा अर्थ असा लावतात, की सगळे गेल्यावर जो उरतो तो. यात मुलगा कुठं आहे?

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. कित्तूरच्या देसायांनी घेतलेला दत्तक इंग्रजांनी वारस म्हणून मानला नाही, त्यावरून १८२४ साली लढाई पेटली. धारवाडचा इंग्रज अधिकारी थॅकरे तीत मारला गेला. राणी चेन्नम्मा ज्या मुलासाठी उभी राहिली तो पोटचा नव्हता. मास्तरांच्या हिशोबानं त्याच्यात वंशाचा कसला रस? तरीही दत्तक हा वारस, हे इथं प्रत्येक घरानं पिढ्यान्‌पिढ्या मानलंय. रक्त नसलेला मुलगा चालतो आणि रक्ताची मुलगी चालत नाही, तर मग अडचण रसाची नाही, दुसरीच कसलीतरी आहे.

मास्तरांना संस्कृतच हवं असेल तर तेही आहे, पण ते त्यांच्या फार कामाला येणार नाही. वारशासाठी जुना संस्कृत शब्द ‘दाय’, आणि तो घेणारा तो ‘दायाद’. कोकणीत वारशाला अजूनही दायज म्हणतात. कानडीत ‘दायादी’ म्हणजे भाऊबंद, आणि कानडी माणूस तो शब्द उच्चारतो तेव्हा चेहऱ्यावर आपण ‘भाऊबंदकी’ म्हणताना येतो तोच भाव येतो.

तर हा दायाद कोण, मुलगा की मुलगीसुद्धा, हा वाद कुठं सापडतो म्हणता? यास्काच्या निरुक्तात. निरुक्त म्हणजे शब्दांची मुळं सांगणारा, ख्रिस्ताच्याही आधीचा ग्रंथ. त्यात दोन्ही बाजू मांडल्या आहेत. एक बाजू म्हणते पुरुष दायाद, स्त्री नव्हे. दुसरी बाजू स्वायंभुव मनूचा हवाला देऊन म्हणते की अपत्यांना, मग मुलगा असो वा मुलगी, धर्मानं दाय सारखाच. तुमच्या सोप्यात जे भांडण चाललंय ते इतकं जुनं आहे. तेव्हा ‘आपल्यात असं कधी नव्हतंच’ हे वाक्य कुणी टाकलं तर त्यांना निरुक्ताचा तिसरा अध्याय उघडायला सांगा. मास्तर आहेत, उघडतील.

पुढे याज्ञवल्क्यानं आपल्या स्मृतीत सांगितलं, की भावांनी आपापल्या हिश्श्यातून चौथा भाग बहिणींसाठी द्यावा. त्यावर विज्ञानेश्वरानं ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली, ती चालुक्यांच्या कल्याणात, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात. हा चौथा भाग नुसता लग्नखर्च नव्हे, खरा वाटा आहे, असं त्याचं म्हणणं. देशातल्या बहुतेक हिंदूंचा वारसा कित्येक शतकं याच ग्रंथावर चालला आणि तो आपल्याच राज्यात लिहिला गेलाय. मिताक्षरेचं मोठं सूत्र असं, की वडिलोपार्जित मिळकतीत हक्क जन्मानंच येतो. बंगालकडच्या ‘दायभाग’ या ग्रंथात तो बाप गेल्यावर येतो. जन्मानं येणारा हा हक्क मिताक्षरेनं मुलग्यांपुरता ठेवला, हे खरं. ते बदलायला २००५ साल उजाडावं लागलं.

आणखी एक शब्द आहे, ‘रिक्थ’. म्हणजे गेलेल्यानं मागे ठेवलेलं. ‘रिच्’ धातूचा अर्थ सोडणं, रितं करणं, आणि ‘रिक्त’ त्याचाच सख्खा भाऊ. आता तुमच्या लेकीचा इनहेरिटन्स घ्या. तो जुन्या फ्रेंचमधून चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत शिरला. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘हेरेस’ आहे, म्हणजे वारस. हेरिटेज, हेरेडिटरी ही सगळी त्याचीच भावंडं. भाषाशास्त्रज्ञ या हेरेसचं नातं ग्रीक ‘खेरोस’शी जोडतात, म्हणजे हिरावलं गेलेला, पोरका. त्याच कुळातला ‘खेरा’ म्हणजे विधवा. एक शब्द संस्कृत, एक लॅटिन, एक अरबी. तिन्हींना मुलगा की मुलगी याच्याशी देणंघेणं नाही. माणूस गेल्यावर मागे कोण राहिलं, एवढंच ते विचारतात.

आप्पा गेल्यावर मागे कोण राहिलं, ताई? तुम्ही आणि आण्णा, हे झालंच. पण सगळ्यात आधी आई. तुमच्या पत्रात तिला तीन शब्द मिळालेत, ‘आई गप्प आहे’. हक्कसोड तुमची, पौती आण्णाची, व्युत्पत्ती मास्तरांची, आणि जिचा नवरा गेला तिचा हिस्सा किती हे कुणीच काढलेलं दिसत नाही. तिच्याकडे मी परत येते.

मुलीला सांगा, तिच्या कॉम्प्युटरमधला इनहेरिटन्स याच शब्दावरून घेतलाय. १९६७ च्या सुमारास नॉर्वेत सिम्युला नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत ती कल्पना पहिल्यांदा उतरली. तिथं मूळ क्लासकडे, म्हणजे प्रोग्रॅममधल्या साच्याकडे, जे असतं ते पोटक्लासला आपोआप मिळतं, बाप हयात असतानाच. म्हणजे जावासारखी कॉम्प्युटरची भाषा अगदी मिताक्षरा पाळते! फरक इतकाच, की तिथं पोराला दिल्यानं बापाचं गुंठाभरही कमी होत नाही आणि दुसऱ्या पोरालाही तेवढंच पूर्ण मिळतं. मोजणीदाराची गरजच नाही. आमच्या जमिनीचं असं असतं तर बेळगावच्या कोर्टात निम्मी गर्दी झाली नसती.

आता कायदा. १९५६ चा हिंदू वारसा कायदा मुळातच असं म्हणतो, की माणूस मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत बायको, मुलगे, मुली आणि आई असेल तर ती, सगळे एका ओळीत. त्यामुळे आप्पांनी घेतलेल्या दीड एकराचा हिशोब सरळ आहे. साठ गुंठे, तीन वारस, प्रत्येकी वीस. आप्पांनी मृत्युपत्र केलेलं नाही ना, एवढं खात्रीनं बघा. कानडी कागदात त्याला ‘उयिलु’ म्हणतात, इंग्रजी ‘विल’च आहे तो.

आजोबांच्या दोन एकरांचं थोडं गुंत्याचं आहे. आपण बापाकडून आलेल्या सगळ्यालाच वडिलोपार्जित म्हणतो, कानडीत पित्रार्जित. कोर्ट तसं म्हणत नाही. आजोबा १९५६ नंतर मृत्युपत्राविना वारले असतील आणि त्यांचा हिस्सा आप्पांना त्या कायद्यानं मिळाला असेल, तर तो आप्पांचा स्वतःचा धरला जाऊ शकतो, सुप्रीम कोर्टानं १९८६ सालीच तसं सांगितलंय. म्हणजे पुन्हा तिघांना सारखं. उलट ती एकत्र कुटुंबाची मिळकत ठरली, तर ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी मुलासारखीच जन्मतः सहदायाद, म्हणजे बरोबरीची हिस्सेदार. बघा, जुना ‘दायाद’ परत आला, यावेळी मुलीला घेऊन. कर्नाटकानं त्याआधी १९९४ सालीच मुलींना हा हक्क दिला होता, पण तोवर लग्न झालेल्या बाहेर राहिल्या. २००५ नंतर लग्न कधी झालं हा प्रश्नच उरला नाही. तरीही त्या तारखेला बाप हयात हवा का, यावर कोर्टात बराच काथ्याकूट झाला. त्यातला एक गाजलेला दावा १९९२ साली आपल्या बेळगावच्याच कोर्टात लागला होता. २०१५ च्या निकालात त्या लेकीविरुद्ध गेलं. ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी ते मत मोडीत काढलं, हक्क जन्माचा आहे, बाप त्या दिवशी असो वा नसो. (२० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर झालेलं वाटणीपत्र असेल तर मात्र त्याला हात लागत नाही.)

तुमच्यापुरतं सांगायचं तर, दोन एकर कसेही धरा, तुमचा वाटा आण्णाइतकाच. आईचा आकडा एका हिशोबात थोडा कमीजास्त निघेल, तो वकिलाकडून काढून घ्या.

मग कागद. पौती हा शब्द ‘फौत’ होण्यावरून आलाय, म्हणजे माणूस गेल्यावरची नोंद. त्यासाठी मृत्यूचा दाखला लागतो आणि वंशवृक्ष लागतो. तो वंशवृक्ष आधी मागून घ्या आणि त्यात आई, आण्णा, तुम्ही, तिघांची नावं आहेत का ते डोळ्यांनी बघा. पुष्कळदा लेकी तिथंच गळतात, झाडावर फांदीच नसते. गळली असेल तर नाडकचेरीत, तहसीलदारांकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. पौतीच्या वेळी हरकतीची नोटीस निघते, ती मुदत चुकवू नका. चुकलीच तरी हातपाय गाळू नका. पहणी म्हणजे आपल्याकडचा सातबारा, तिच्यावरचं नाव हा सारा कुणाकडून घ्यायचा याचा हिशोब आहे, तेवढ्यानं कुणाची मालकी जात नाही की येत नाही. हक्कसोडीचं तसं नाही. ती सब-रजिस्ट्रारपुढं एकदा नोंदली गेली की परत फिरवायला जन्म जातो. म्हणून आण्णा सांगतोय त्याच्या उलटं करायचं. आधी तिघांच्या नावानं पौती. सोडायचंच असेल तर ते नंतरही सोडता येतं.

कानडी कागद घरातल्या कुणाकडून वाचून घेऊ नका, म्हणजे आण्णा खोटं वाचेल म्हणून नव्हे. दस्ताची कानडी ही बाजारातल्या कानडीपेक्षा वेगळी असते. माझ्या ओळखीतले अस्सल कानडी लोकसुद्धा तिच्यापुढं चाचपडतात. बेळगाव-खानापूरला दोन्ही भाषा जाणणारे बाँड रायटर आणि वकील आहेत. समोरच्या बाजूशी संबंध नसलेला एक गाठा, ओळीओळीनं मराठीत सांगायला लावा. ‘हक्कू बिडुगडे’, म्हणजे हक्कसोड, हे शब्द दिसले की थांबा आणि कुठल्या सर्व्हे नंबरातला हक्क सुटतोय ते बघा. कधी कधी जमिनीच्या हक्कसोडीत घर आणि परडंही गुपचूप जाऊन बसतं.

आता माहेराचं. तुमचं खरं पत्र तेवढंच आहे, हे मला कळतंय. सही केली नाही तर आण्णा रुसेल, पंचमीला बोलावणं येणार नाही, वैनी बोलेल. होईल तसं, काही दिवस. पण सही मागायला शब्दाचा अर्थ पुढं करावा लागतो, यातच सगळं आलं. आण्णाकडं सरळ कारण असेल तर ते त्यानं सरळ सांगावं. आप्पांच्या आजारपणात त्याचा खर्च झाला असेल, सोसायटीचं कर्ज त्याच्या डोक्यावर असेल, शेत तोच राबतोय हे तर आहेच. ही कारणं खरी आहेत आणि वाटणीत मोजायची आहेत. त्यासाठी सगळा हक्क सोडायला लागत नाही. कसायला शेत त्याच्याकडेच राहू दे आणि नाव तिघांचं राहू दे. किंवा तुमच्या वाट्याचे पैसे त्यानं दोन-तीन सुगींत द्यावेत. किंवा दीड एकरातले तुमचे वीस गुंठे सोडा आणि बाकी ठेवा. सगळंच सोडावंसं वाटलं तर तेही करा, त्यात कमीपणा नाही. पण ‘मी सोडते’ असं म्हणून सोडा. ‘माझं नव्हतंच’ असं मान्य करून नको. पूर्वी लेकीला चोळीबांगडीसाठी जमीन लावून देत, ती काही कुणी भीक म्हणून देत नव्हतं.

आण्णाशी बोलायला मास्तर नसतील अशी वेळ बघा. इतकंच म्हणा, “कोर्टात जायला मी आलेली नाही. पौती तिघांच्या नावानं होऊ दे, मग आपण दोघं बसून ठरवू.” यावर तो चिडला तर चिडू दे, उत्तर देऊ नका.

आईशी मात्र आजच बोला, आणि फोनवर नको. तिला तिच्या वाट्याबद्दल विचारा, तुमच्या नव्हे. बऱ्याच घरांत असं होतं, की मुलाच्या नावावर सगळं झाल्यावर आईला औषधाचे पैसे मागायला लागतात. तेव्हा मुलगा वाईट निघतो असंही नाही, पण मागावं लागतं. आईचं नाव पहणीवर असेल तर तिला निदान गप्प बसायचं की बोलायचं हे ठरवता येईल. तुम्ही तुमचा सगळा वाटा सोडलात तरी तिला तिचा सोडू देऊ नका. तिच्याकडूनही हक्कसोड घ्यायचा बेत आहे का, हे त्या कानडी कागदात आधी तपासा. माझा संशय आहे, तो आहे.

मोडीचा कागद लॅमिनेट करू नका, त्याला चिकटपट्टी लावू नका, फोटो काढा आणि पेटीत सपाट ठेवा. मोडी वाचणारी माणसं बेळगावात अजून आहेत. ते जुनं वाटणीपत्र निघालं तर आजोबांकडे जमीन कशी आली हे त्यातून कळेल, आणि ते दोन एकर कुठल्या हिशोबात बसतात हे वकिलाला चटकन सांगता येईल. भेटायला जाताना त्याची प्रत न्या, मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, माझ्याही नको.